सतरा गाणी आणि चौथं नाव

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठी बोललं की दंड, आणि घरी इंग्लिश बोललं की आजीचा ओरडा. ‘एकोणसाठ’ म्हणजे पन्नाशीतलं की साठीतलं, हे मला अजून बोटं मोजल्याशिवाय कळत नाही. मराठी विभागाची संपादिका आमच्याच विंगमध्ये राहते, त्यामुळे पळून जायला जागा नव्हती. तिने विचारलं, “कशावर लिहिणार?” मी म्हटलं, “क्वीनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’वर.” ती म्हणाली, “अगं मग इंग्लिश विभागात दे ना!” पण नाही. हा लेख मराठीतच यायला हवा. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

झालं असं, की मागच्या पीएलमध्ये रात्री साडेबाराला आम्ही गच्चीवर बसलो होतो. अभ्यास अर्थातच चालू नव्हता. कोणाच्या तरी मोबाईलवर क्वीन लागलं होतं, आणि मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, की मला क्वीन पाठ आहे. अंतिम वर्षाच्या एका सीनियरने विचारलं, “कुठले अल्बम ऐकलेस?” मी म्हटलं, “ग्रेटेस्ट हिट्स.” त्यावर ती असं हसली, की जणू मी ‘गाईड वाचून शेक्सपिअर समजला’ असं म्हटलं होतं. “ग्रेटेस्ट हिट्स हा काही अल्बम नाही गं,” ती म्हणाली, “ते म्हणजे आयएमपी प्रश्नांची झेरॉक्स. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची आणि विसरायची.”

मला राग आला, कारण ती कॅसेट माझ्या मामाची होती आणि साताऱ्याच्या घरी आम्ही ती तुटेपर्यंत वाजवली होती. पण उत्तर सुचलं नाही. उत्तरं मला नेहमी दोन दिवसांनी सुचतात. या वेळी तर चक्क पूर्ण सेमिस्टर गेलं, आणि जे सुचलं ते त्या सीनियरच्या विरोधात कमी आणि माझ्याच विरोधात जास्त निघालं.

* * *

आधी आकडे. आपण इंजिनिअर ना, आकड्यांशिवाय आपल्याला काही पटत नाही.

क्वीनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ १९८१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आला. त्यात १७ गाणी. एकही नवीन नाही, सगळी आधीच्या रेकॉर्डांवर येऊन गेलेली. म्हणजे कंपनीला स्टुडिओचा खर्च जवळजवळ शून्य, लोकांना गाणी आधीच माहीत, दुकानदाराला ‘हे चालेल का?’ ही चिंता नाही. आणि हा ‘जुना माल’ ब्रिटनच्या इतिहासात सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला. २०१४ मध्ये तो तिथे ६० लाखांचा टप्पा ओलांडणारा पहिला अल्बम झाला, आणि जुलै २०२२ मध्ये ७० लाखांचा. ब्रिटनमध्ये अंदाजे २ कोटी ८० लाख घरं आहेत. करा भागाकार. दर चार घरांमागे एक! आपल्याकडे दर चार घरांत एक काय असेल? प्रेशर कुकर सोडून मला तरी काही आठवत नाही.

अर्थात आकड्यात एक गोम आहे, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. आता ‘विक्री’ म्हणजे फक्त सीडी आणि रेकॉर्ड नाही. गाणी ऑनलाईन ऐकली जातात, आणि ठरावीक संख्येने ऐकली गेली की तो एक अल्बम विकला असं धरतात. त्यामुळे ७० लाख म्हणजे ७० लाख माणसं दुकानात जाऊन पैसे देऊन आली असं नाही. पण तरीही, ४० वर्षांनी लोक ऐकतात तर खरं!

आणि हे एकट्या क्वीनचं नाही. ब्रिटनच्या त्याच यादीत दुसरा नंबर ‘आबा गोल्ड’चा (१९९२), तोही निवडक गाण्यांचा. अमेरिकेत तर ईगल्सचा ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’ फेब्रुवारी १९७६ मध्ये आला, तेव्हा तिथे दहा लाख प्रतींसाठी ‘प्लॅटिनम’ हा किताब नुकताच सुरू झाला होता, आणि तो मिळवणारा हा पहिला अल्बम. २०१८ मध्ये त्याला ३८ वेळा प्लॅटिनम जाहीर झालं, आणि मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ मागे पडला.

आता गंमत ऐका. आपल्या हॉस्टेलमध्ये ज्याच्या हातात गिटार येते तो पहिलं गाणं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चं वाजवतो (आणि दुसरं येत नाही म्हणून तेच परत वाजवतो). ते गाणं या अल्बममध्ये नाहीच! ते आलं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नंतर. म्हणजे ईगल्सचं सगळ्यात गाजलेलं गाणं ईगल्सच्या ‘सगळ्यात मोठ्या हिट्स’मध्ये नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

* * *

सीनियरचा मुद्दा होता, की अशी निवड म्हणजे फसवणूक. मला ते पटत नाही. कारण निवडलेली गाणी आकाशातून पडत नाहीत.

क्वीन १९७० मध्ये लंडनमध्ये सुरू झालं. १९७१ मध्ये जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. हे चौघे कोण होते? ब्रायन मे फिजिक्सचा विद्यार्थी, इंपीरियल कॉलेजमध्ये अवकाशातल्या धुळीवर पीएचडी करत होता. बँडसाठी ती अर्धवट सोडली आणि २००७ मध्ये, साठीला आल्यावर, पूर्ण केली. (इथे बॅक राहिलेल्या सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात.) जॉन डीकन चक्क इलेक्ट्रॉनिक्सवाला, म्हणजे आपल्याच ब्रँचचा. रॉजर टेलर डेंटिस्ट व्हायला लंडनला आला होता, मग जीवशास्त्राकडे वळला. आणि फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, जो शिकला कुठे? पाचगणीला! सेंट पीटर्स शाळेत, बोर्डिंगमध्ये. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथल्या मित्रांनी दिलं, आणि ‘द हेक्टिक्स’ नावाचा त्याचा पहिला बँडही तिथलाच, १९५८ च्या सुमाराचा. मी साताऱ्याची. शाळेच्या ट्रिपने टेबललँडवर किती वेळा गेले असेन, घोड्यावर बसले, मक्याचं कणीस खाल्लं, आणि हे एकाही बाईंनी सांगितलं नाही. असो.

ब्रायन मेची गिटार विकतची नाही. १९६३ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवायला घेतली. मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या, पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. दोन वर्षं लागली. ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये जी गिटार ऐकू येते ती बहुतेक हीच. डीकनने तर कचऱ्याच्या डब्यात सापडलेला एक सर्किट बोर्ड उचलला, स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. त्या ॲम्प्लिफायरला आवाज कमी-जास्त करायचं बटणही नव्हतं. आणि मेने तो वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला वापरला! आपल्या लॅबमध्ये असं काही केलं तर सर विचारतील, “डेटाशीट कुठे आहे?”

‘वी विल रॉक यू’ची ती धम-धम-टाळी आपल्या मेसच्या टेबलांवर रोज वाजते, विशेषतः चपात्या यायला उशीर झाला की. ती खूप मोठ्या गर्दीची वाटते, पण गर्दी नव्हतीच. थोड्या माणसांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले, आणि मेने त्या आवाजाला वेगवेगळे डिले दिले. ते डिले मूळ संख्यांच्या प्रमाणात होते, म्हणजे आवाज एकमेकांत मिसळून साधा ‘एको’ होणार नाही, तर दूरदूर पसरलेली माणसं वाटतील. मूळ संख्यांचा एवढा चांगला उपयोग एम-थ्रीच्या पुस्तकातही नाही.

आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’? १९७५ चं गाणं, लांबी जवळजवळ सहा मिनिटं. रेडिओवर इतकं लांब गाणं कोण लावणार म्हणून कंपनी घाबरलेली. मधल्या ऑपेराच्या भागात जो शंभर माणसांचा कोरस वाटतो, ती फक्त तीन माणसं आहेत, मर्क्युरी, मे आणि टेलर. एकावर एक आवाज रेकॉर्ड करत गेले, करत गेले, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, सगळं टेपवर. ती टेप इतक्या वेळा मशीनमधून गेली, की झिजून आरपार दिसायला लागली असं मे सांगतो. आणि त्या कोरसमधला सगळ्यात उंच, पार छताला जाऊन चिकटणारा आवाज बाईचा नाही, मर्क्युरीचाही नाही. तो ड्रमरचा आहे, रॉजर टेलरचा.

म्हणून माझं सीनियरला पहिलं उत्तर असं, की आयएमपीची झेरॉक्स आणि ही निवड यात फरक आहे. झेरॉक्स दुसऱ्याच्या मेहनतीची असते. ही दहा वर्षांच्या स्वतःच्या मेहनतीची आहे. शिवाय ती दार आहे. ज्या मुलीला साताऱ्यात बसून नऊ अल्बम मिळणार नव्हते, तिला एक कॅसेट मिळाली. दारातून आत गेलं की घर दिसतं. दारालाच नावं ठेवणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, तुम्ही आत खिडकीतून आलात का?

इथे लेख संपवला असता तर मी जिंकले असते. पण पुढे वाचलं आणि पंचाईत झाली.

* * *

१९८१ पर्यंत क्वीनचे नऊ स्टुडिओ अल्बम आले होते, त्यात शंभराहून जास्त गाणी. त्यातली १७ निवडली. म्हणजे साधारण सहातलं एक. उरलेली पाच कुठे गेली? त्यांचा पहिला अल्बम १९७३ चा. त्यातलं ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ हे त्यांचं पहिलंवहिलं सिंगल. ते ब्रिटनच्या चार्टमध्ये आलंच नाही, पडलं. ब्रिटनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये त्या अख्ख्या पहिल्या अल्बममधलं एकही गाणं नाही. म्हणजे कॅसेट ऐकणाऱ्याला वाटतं, की ही माणसं जन्मतःच हिट होती. अमेरिकेत मात्र यादी वेगळी केली, तिथे ते पडलेलं गाणं घेतलं! म्हणजे ‘सर्वोत्तम’ काय हे देशाप्रमाणे, बाजाराप्रमाणे बदलतं. कोणीतरी खोलीत बसून ठरवतं.

मग मी सतरा गाण्यांच्या पुढे लिहिणाऱ्यांची नावं मांडली. मर्क्युरी १०. मे ५. डीकन २. टेलर... शून्य.

मी दोनदा मोजलं. शून्यच. चार जणांच्या बँडच्या सगळ्यात यशस्वी अल्बममध्ये चौथ्याच्या नावावर एकही गाणं नाही. आणि त्याचे ड्रम्स मात्र गाण्यामागून गाण्यात, त्याचा आवाज कोरसमध्ये. हे फक्त मानाचं नाही, पैशाचं पण आहे. रेकॉर्ड विकली की वाजवणाऱ्यांचा वाटा वेगळा आणि गाणं लिहिणाऱ्याचा वेगळा. सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमच्या लिहिणाऱ्यांच्या रकान्यात टेलर नाही. उलटंही घडलं होतं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिंगल निघालं तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला टेलरचं मोटारीवरचं एक गाणं होतं. लोकांनी घेतलं पुढच्या बाजूसाठी, पण रॉयल्टी दोन्ही बाजूंना सारखी! त्यावरून बँडमध्ये बरीच धुसफूस झाली असं ते स्वतःच सांगतात.

आता पुढची गोष्ट बघा. ऑक्टोबर १९९१ मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स २’ आला. पुढच्याच महिन्यात, २४ नोव्हेंबरला, फ्रेडी मर्क्युरी गेला. या दुसऱ्या भागात ‘रेडिओ गा गा’ (१९८४) आहे आणि ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ (१९८६) आहे. १९८५ च्या लाइव्ह एडची ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली असेल, वेम्बली स्टेडियमवर हजारो हात एका तालात डोक्यावर टाळ्या वाजवतात. ते गाणं ‘रेडिओ गा गा’. आणि ही दोन्ही गाणी लिहिली कोणी? टेलरने. ज्याचा स्कोअर पहिल्या भागात शून्य होता त्याने.

समजा १९८१ मध्ये कोणी हिशेबी माणसाने यादी बघून म्हटलं असतं, “याची काही गाणी नाहीत, हा फुकटचा चौथा, याला काढा,” तर? यादीप्रमाणे तो बरोबरच ठरला असता. ईगल्सची यादी १९७५ ला थांबली म्हणून ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ सुटलं, तसंच हे. यादी काल काय गाजलं तेवढंच सांगते. कोणात काय आहे हे तिला माहीत नसतं.

* * *

आता मी माझ्यावर येते. इथून पुढे लिहायला मला चार रात्री लागल्या.

पाचव्या सेमिस्टरला आमचा चौघींचा मिनी प्रोजेक्ट होता. हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीची पातळी ओळखून पंप आपोआप चालू-बंद करायचा. विषय साधा, पण पहाटे सहाला अंगाला साबण लावल्यावर पाणी गेलेल्यांना तो साधा वाटणार नाही. आमचं सर्किट टेबलावर, बादलीत, मस्त चाललं. टाकीवर बसवलं आणि रिले वेड्यासारखा कट-कट-कट करायला लागला. चालू-बंद, चालू-बंद. आम्ही तिघी गुगल करत बसलो. कोणी म्हणे रिले खराब, कोणी म्हणे सप्लाय.

आमची चौथी टाकीवर चढली आणि अर्धा तास नुसती पाण्याकडे बघत बसली. खाली येऊन म्हणाली, “पाणी हलतंय गं. पंप सुरू झाला की लाटा येतात, सेन्सरला लागतात आणि सुटतात.” मग तिने एकाऐवजी दोन सेन्सर लावले, एक खाली, एक वर. खालच्याच्याही खाली पाणी गेलं की पंप सुरू, वरच्याला लागलं की बंद, मधे काही करायचं नाही. झालं! पुस्तकात याला हिस्टेरिसिस म्हणतात, आम्ही तिघींनी परीक्षेत त्यावर गुण मिळवले होते. तिने ते पाण्यात बघितलं. पासोड्या विठोबाजवळ दुकानं फिरून सामान आणणं, सोल्डरिंग, पावसापासून खोकं बंद करणं, हेही बहुतेक तिचंच.

मग दुसऱ्या एका कॉलेजमध्ये पोस्टर स्पर्धा होती. फॉर्मवर तीनच नावांची जागा. प्रेझेंटेशन इंग्लिशमध्ये. माझं इंग्लिश चांगलं, म्हणून माझं नाव पहिलं, ही चर्चासुद्धा झाली नाही. उरलेल्या दोघींनी पोस्टर डिझाईन केलं होतं. चौथी मराठी माध्यमातली, स्टेजवर इंग्लिश बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटतो. आम्ही तिला विचारलं, “तुला चालेल ना?” ती म्हणाली, “चालेल की, त्यात काय!”

दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी नेमका प्रश्न विचारला, की लाटांमुळे रिले फडफडत नाही का? मी फाडफाड इंग्लिशमध्ये दोन सेन्सरची गोष्ट सांगितली. “वी ऑब्झर्व्ह्ड” असं म्हणाले मी. वी! टाकीवर तर मी चढलेही नव्हते.

सर्टिफिकेटं तीन. पोस्टर लॅमिनेट होऊन आपल्या डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये लागलं, त्यावर नावं तीन. मी जाताना बघायचे आणि बरं वाटायचं. मग या सेमिस्टरला इंटर्नशिपचे फॉर्म आले. रूममध्ये बसून आम्ही भरत होतो. ‘स्पर्धा व पारितोषिके’ असा रकाना होता. मी लिहिलं, सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडली. समोर ती पण भरत होती. त्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं, आणि तिने तिथे एक आडवी रेघ मारली. काही बोलली नाही. पुढचा रकाना भरायला लागली.

ती रेघ म्हणजे टेलरचा शून्य. आणि यादी करणारी मी होते.

* * *

मला माहीत आहे, काही सर म्हणतील, “अगं, चौथ्या नावांचं सांगू नकोस, अर्ध्या ग्रुपमध्ये चौथा फक्त सबमिशनच्या दिवशी दिसतो.” खरं आहे. फुकट नाव लावणारे आहेत, मुलांत आहेत तसे मुलींतही. पण फुकट्याला पकडायला फॉर्मवर तीनच जागा ठेवणं हा उपाय नव्हे. त्याने जो बोलत नाही तो गळतो. आणि जो फुकटा असतो तो बोलण्यात सहसा पटाईत असतो!

क्वीनने शेवटी काय केलं? १९८९ च्या ‘द मिरॅकल’ अल्बमपासून त्यांनी ठरवलं, की गाणं कोणीही आणो, नाव चौघांचं, ‘क्वीन’ म्हणून. भांडणं त्यामुळे बरीच कमी झाली असं त्यांनीच सांगितलंय. त्यांना हे सुचायला सोळा वर्षं लागली, आणि तेव्हा फ्रेडीकडे वेळ थोडा उरला होता. आपल्याला इतकं थांबायची गरज नाही.

पण आपल्याला सगळं सरसकट ‘क्वीन’ करूनही चालणार नाही, कारण नोकरी चौघांना वेगवेगळी मिळवायची असते. म्हणून माझी सूचना साधी आहे. एक, प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक पान असावं, ‘कोणी काय केलं’ याचं, आणि त्यावर सगळ्यांनी सही करावी. सोल्डरिंग केलं तर सोल्डरिंग लिहा. चूक शोधली तर तारीख घालून लिहा. दोन, ओरलला एक प्रश्न मराठीतून उत्तर दिलं तरी चालेल असा विचारावा. सर्किटला इंग्लिश-मराठी कळत नाही. तीन, बाहेरच्या स्पर्धेत जागा तीनच असतील तर चौथ्याला आपल्या डिपार्टमेंटने आपल्या लेटरहेडवर तसं पत्र द्यावं. यात खर्च किती? एक कागद.

आणि त्या सीनियरला माझं उशिरा आलेलं उत्तर. ग्रेटेस्ट हिट्स वाईट नाही. मी अजून तीच ऐकते. आपले रेझ्युमे पण शेवटी ग्रेटेस्ट हिट्सच असतात, त्यात कोणी आपल्या केट्या घालत नाही. पण ती ऐकताना एवढं माहीत असावं, की ही निवड आहे, हिशेब नाही. आणि निवडणारे आपण असलो, तर पेन खाली ठेवण्याआधी एकदा मोजावं, खोलीत माणसं किती आणि कागदावर नावं किती.

मी स्पर्धेच्या आयोजकांना विचारलं. सर्टिफिकेट बदलता येणार नाही असं उत्तर आलं. मग म्हटलं, निदान या लेखात तिचं नाव मोठ्या अक्षरांत छापू. लेख मराठीत लिहिला तो तिला आधी वाचायला द्यायचा म्हणून. तिने वाचला. माझी सोळा शुद्धलेखनं सुधारली. ‘फाडफाड इंग्लिश’पाशी हसली. मग म्हणाली, “लेखात नको घालूस माझं नाव. उगाच सगळे बिचारी म्हणतील. पोस्टरवर घाल.”

सरांची परवानगी घेतली. लॅमिनेशनवर लिहिता येत नाही, म्हणून त्याच फॉण्टमध्ये पट्टी छापून चिकटवली. नावं आता अकारविल्हे आहेत, त्यामुळे तिचं पहिलं आलंय आणि माझं शेवटी गेलंय. कॉरिडॉरमधून जाताना एकदा वाचा.

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार